‘केले’ आणि ‘झाले’ : अपराध, क्षमा व जबाब यांची मराठी व्यवस्था

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या पर्वाविषयी मराठवाड्यात जे बोलले व लिहिले जाते, त्यात एक शब्द पदोपदी भेटतो : रझाकारी. ‘रझाकारीत घर जळाले’, ‘रझाकारीत गाव सोडले’, ‘हा रझाकारीच्या आधीचा वाडा’, अशा वाक्यांत तो सप्तमीचा किंवा षष्ठीचा प्रत्यय घेऊन सरळ कालवाचक होतो. ‘रझाकार’ म्हणजे मुळात स्वयंसेवक. अरबी ‘रज़ा’ (संतोष, संमती) आणि फारसी ‘कार’ या दोहोंच्या संयोगाने तो सिद्ध झाला. स्वतःच्या राजीखुशीने काम अंगावर घेणारा, एवढाच त्याचा व्युत्पत्त्यर्थ. मराठीने त्याला ‘ई’ प्रत्यय जोडला. सावकार–सावकारी, वकील–वकिली या नमुन्यावर तो आधी धंद्याचे नाव झाला आणि पुढे काळाचे. मराठीला ही खोड जुनी आहे. भाऊगर्दी, पेंढारगर्दी, मोगलाई हे शब्द याच जातीचे. पेंढारगर्दीत निदान अपराध्याचे नाव आहे. भाऊगर्दीत तर ज्याचा घात झाला त्याचेच नाव अनर्थाला चिकटले आहे. लोकभाषा नामकरण करताना न्याय करीत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

परंतु कर्त्याचे नाव काळाला मिळाले की कर्ता नाहीसा होतो, ही गोष्ट केवळ कोशकाराच्या कुतूहलाची नव्हे. अवर्षणात पीक गेले, पटकीत माणसे गेली, रझाकारीत घर गेले, या तीन वाक्यांची घडण एक आहे. दुष्काळाला कोणी जाब विचारीत नाही. ज्या नामरूपाने अपराध ऋतुमानासारखा होतो, त्या नामरूपाने अपराध्यास शासन करणे जसे अशक्य होते, तसे त्याला क्षमा करणेही अशक्य होते. कारण क्षमा ही कोणाला तरी करावयाची असते. मराठी व्याकरणात ‘क्षमा करणे’ या क्रियेला चतुर्थीची अपेक्षा आहे. ती चतुर्थी रिकामी ठेवून क्षमेचे वाक्य पुरे होत नाही.

या दृष्टीने हदगाव तालुक्याचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. नांदेड जिल्ह्याच्या या भागाच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आहे. आज ही दोन जिल्ह्यांची सीमा; १९४७–४८ मध्ये मात्र अलीकडे निजामाचे संस्थान आणि पलीकडे स्वतंत्र भारताचा वऱ्हाड प्रांत, अशी ती दोन राज्यांची सरहद्द होती. पलीकडे उमरखेडास स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची छावणी होती, आणि जीव मुठीत धरून नदी ओलांडणाऱ्यांना वऱ्हाडात आसरा मिळत होता. त्यामुळे या टापूत अपराधाच्या स्मृतीला एक भूगोल आहे. अलीकडे काय घडले आणि पलीकडे कोण गेले, हे सांगताना नदीचे नाव येते, घाटाचे येते, गावाचे येते. हे करणाऱ्याचे नाव तेवढे क्वचित येते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ हे सरकारी नाव मिळाले व ते जसेच्या तसे मराठवाड्याच्या बोलीत रुजले. ‘ॲक्शन झालं’ म्हटले की पुरते. पुढे ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द प्रतिष्ठा पावला आणि १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन ठरला. या शब्दांविषयी तक्रार नाही. सरंजामी व धर्मांध सत्तेच्या जोखडातून प्रजा सुटली, हे सत्यच आहे, आणि ते सत्य ज्यांनी तुरुंगवास व मृत्यू सोसून घडविले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांत जे घडले, त्याला मराठीत अद्याप नावच नाही. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे शिष्टमंडळ १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरले. त्याच्या अहवालाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले म्हणून दाखविले आणि कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मारल्या गेलेल्या माणसांची, मुख्यतः मुसलमानांची, संख्या सबंध संस्थानासाठी २७,००० ते ४०,००० अशी अंदाजली. हा आकडा वादग्रस्त आहे आणि तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. अहवाल अनेक दशके प्रकाशित झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागल्याचा बराच बोलबाला झाला. त्यात हत्यांबरोबर आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवून वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे, ही बाब पुढच्या चर्चेत बहुधा दोन्ही पक्षांनी वगळली. ज्यांना अपराधच सिद्ध करावयाचा आहे त्यांना ती गैरसोयीची आणि ज्यांना अपराधच नाकारावयाचा आहे त्यांनाही. कारण वाचविणारा होता म्हटले की मारणाराही होता असे ओघानेच येते.

तेव्हा एका अपराधाला नाव आहे पण कर्ता नाही, आणि दुसऱ्याला नावही नाही. या स्थितीचा विचार इतिहासकाराने आपल्या साधनांनी करावा. भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक निराळी गोष्ट दिसते : मराठीत अपराध सांगण्याच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर दया व जबाब यांचे प्रमाण बदलत जाते.

‘त्याने खून केला’ ही पहिली पायरी. येथे कर्ता तृतीयेत आहे, क्रिया सकर्मक आहे, इच्छाही त्याचीच मानली जाते. ‘त्याच्या हातून खून झाला’ ही दुसरी. हे वाक्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. कर्ता येथे लपविलेला नाही. त्याचे नाव आहे, त्याचा हात आहे. गेले आहे ते त्याचे संकल्पपूर्वकत्व. कृत्य त्याचेच, पण ते त्याच्याकडून घडून गेले, असे बोलणारा सुचवितो. ‘माझ्याकडून चूक झाली’ हीही तीच रचना. तिसरी पायरी ‘खून झाला’, आणि चौथी ‘व्हायचे ते होऊन गेले’. तिसऱ्या पायरीवर कर्ता नाही पण कृत्य आहे. चौथीवर कृत्यही नाही. आहे ते निव्वळ भवितव्य.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) प्रयोगविचार हा मराठी व्याकरणाचा मानबिंदू आहे. कर्तरी, कर्मणी, भावे यांचे पोटभेद विद्यार्थी मुखोद्गत करतात. परंतु या भेदांमागे नीतीची काही व्यवस्था आहे काय, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. वास्तविक ‘कडून’ घेणारी आणि ‘जाणे’ या सहायक क्रियापदाची जी रचना ‘नवीन कर्मणी’ म्हणून शिकविली जाते (‘जमावाकडून दुकाने जाळली गेली’), ती इंग्रजी वळणाची म्हणून वैयाकरणांनी हिणविली. तिचा खरा दोष वळणाचा नसून वेगळाच आहे. ‘कडून’युक्त पद तीत ऐच्छिक आहे, ते गाळले तरी वाक्य निर्वेध उभे राहते. सरकारी टिपणांना, वृत्तपत्रांना व पाठ्यपुस्तकांना ही रचना प्रिय झाली ती याच सोयीमुळे. ‘दुकाने जाळली गेली’ : वाक्य शुद्ध, आवाज गंभीर, आणि जाळणारा कोणी नाही.

हैदराबादच्या लढ्यासंबंधी मराठीत जे स्मृतिपर लेखन, स्मरणिका व गौरवग्रंथ झाले, त्यांच्या गद्याचे वळण या निकषावर तपासले असता एक विषमता सहज दृष्टीस पडते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला. हा प्रसंग सांगणारी वाक्ये सकर्मक असतात, नावानिशी असतात, आणि ‘लूट’ हा एरवी कलंकित शब्दही तेथे अभिमानाने मिरवितो. रझाकारांचे अत्याचार सांगताना वाक्ये सकर्मकच राहतात, पण कर्ता व्यक्ती न राहता समूह होतो : ‘रझाकारांनी’. आणि सप्टेंबरच्या अखेरीपाशी येताच गद्य एकाएकी अकर्मक होते. ‘काही ठिकाणी अनिष्ट प्रकार घडले’, ‘लोकक्षोभाचा उद्रेक झाला’, अशा साच्याची वाक्ये येतात. क्षोभ हा तर ज्वालामुखीचा शब्द. त्याला जाब कोण विचारणार? लेखक खोटे बोलत नाहीत. तपशिलात ते प्रामाणिकही असतील. तथापि व्याकरणाच्या आश्रयाने एका अपराधाला त्यांनी जी सवलत दिली ती दुसऱ्याला दिली नाही, हा आक्षेप टळत नाही. दयाही पक्षपाती असू शकते.

यावर एक उत्तर संभवते आणि ते दुर्लक्षणीय नाही. गावात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहावयाचे आहे त्यांनी ‘झालं गेलं’ म्हणणे हा शहाणपणा आहे. विहीर एक, शिवार एक, बाजाराचा दिवस एक. तेथे दरवेळी ‘कोणी केले’ हे उच्चारीत बसले तर गाव चालावयाचे नाही. हे म्हणणे खरे आहे. किंबहुना येथेच सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे. ओसरीवर बसून एखादा वृद्ध ‘त्या वर्षी त्यांचं दुकान जळालं’ म्हणतो, तेव्हा दुकान कोणी जाळले हे त्याला ठाऊक असते आणि त्याच्यासमोर बसलेल्या चौघांनाही ठाऊक असते. कर्ता वाक्यातून वगळलेला आहे, परंतु श्रोत्यांच्या मनातून वगळलेला नाही. ज्याचे नाव सर्वांना ठाऊक असूनही कोणी उच्चारीत नाही, त्याच्यावर त्या मौनाचा भार पडतोच. असे मौन हा दयेचा प्रकार आहे आणि त्यात जबाबाचाही अंश आहे.

तेच वाक्य छापले गेले की मात्र त्याचा धर्म बदलतो. पुस्तकाच्या वाचकाला आधीचे काही ठाऊक नसते. ओसरीवरचा अध्याहृत कर्ता छापील पानावर अध्याहृत राहत नाही, तो लुप्त होतो. व्याकरणाच्या परिभाषेत अध्याहार आणि लोप या दोन गोष्टी निराळ्या आहेत : पहिल्यात पद संदर्भाने पुरविता येते, दुसऱ्यात ते परत मिळवावयास काही उरत नाही. बोलीतील दया लेखनात विस्मरण होते ती अशी. गावाचा विवेक म्हणून ज्या रचनेचा गौरव करावयाचा, तीच रचना ग्रंथकाराच्या हाती आली की तिची चिकित्सा करणे भाग पडते, यात विसंगती नाही.

राज्यसंस्थेने या प्रसंगी दया व दंड यांची वाटणी कशी केली, तेही पाहिले पाहिजे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. कारवाईनंतर त्याला अटक झाली, बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात तो दोषी ठरला, सात वर्षांची शिक्षा भोगून १९५७ च्या सप्टेंबरात सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. पंतप्रधान लायक अली १९५० च्या मार्चमध्ये नजरकैदेतून निसटून तिकडेच पोचले. ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते ते निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. या निर्णयाची राजकीय कारणे समजण्यासारखी आहेत : संस्थान शांतपणे विलीन व्हावयाचे होते, आणि शरण आलेल्या राजाला अभय देण्याने इतरही अनेक गोष्टी साधत होत्या. परंतु त्याला क्षमा हे नाव देता येत नाही. निजामाला कोणी दोषी ठरविले नाही. मग क्षमा कशाची? ती तडजोड होती. रझवीच्या बाबतीत दंड होता, दया नव्हती, आणि कबुलीही नव्हती. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत ज्यांचे घर गेले, मग ते सप्टेंबरच्या आधी गेलेले असो वा नंतर, त्यांच्यापुढे येऊन ‘हे माझ्या हातून झाले’ असे म्हणणारा या साऱ्या व्यवहारात कोणी दिसत नाही.

कबुलीचे हे स्थान मराठी न्यायव्यवहाराला अपरिचित होते असे मात्र नाही. मराठेशाहीच्या न्यायपद्धतीवरील वि. त्र्यं. गुणे यांचा ग्रंथ १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यातील व इतर प्रकाशित कागदपत्रांतील शब्दसंपत्ती या दृष्टीने बोलकी आहे. वाद गोतापुढे आला की दोन्ही पक्षांकडून आधी ‘राजीनामा’ घेत : जो निवाडा होईल तो मान्य, अशी लेखी संमती. आज या शब्दाचा अर्थ पदत्याग एवढाच उरला आहे. (राजी, राजीनामा, कचेरीतून मिळणारी रजा आणि रझाकार हे सारे एकाच अरबी धातूचे वंशज आहेत, हे येथे जाता जाता नमूद करावे. संमतीच्या एका धातूने न्यायसभेचा करार दिला आणि त्याच धातूने दहशतीचे नावही दिले.) निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपण खोटे ठरलो याची स्वहस्ते कबुली. जिंकणारा ‘हरकी’ देई आणि हरलेला ‘गुन्हेगारी’. येथे गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम. ती भरली की मामला संपला. आज ‘गुन्हेगारी’ हा शब्द ऐकला की मनात येते ती एखाद्याची प्रवृत्ती, एखाद्या वस्तीचे लक्षण, भरून न संपणारी गोष्ट. जो शब्द फेडीचा होता तो स्वभावाचा झाला. या अर्थांतराची तारीख सांगता येणार नाही, परंतु त्याची दिशा स्पष्ट आहे, आणि ती दयेच्या विरुद्ध जाणारी आहे.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे येथे प्रयोजन नाही. येजितखते बहुतांशी वतनाच्या व हक्काच्या भांडणांतील आहेत. गोताची क्षमा गोतापुरती होती. वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घेण्याचा विधी होता खरा, आणि नेताजी पालकरास १६७६ मध्ये स्वधर्मात परत घेतले हे त्याचे ठळक उदाहरणही आहे; पण पंक्तीच्या बाहेरच ज्याचा जन्म झाला त्याला ती पंक्ती परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय सत्ताधीशापुढे ही व्यवस्था कोठवर टिकत होती, याचे उत्तर ३० ऑगस्ट १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाने दिले आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही परंपरेने जपलेली गोष्ट. प्रायश्चित्त सांगितले गेले. घेतले कोणी नाही. आणि त्याच खुनाभोवती ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका उभी राहिली. इतिहासाच्या कसोटीवर ती सिद्ध झालेली नाही. परंतु लोकांना ती इतकी का पटली? ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले म्हटले म्हणजे राजवाड्यातील एका मनुष्यवधाचा भार एका अक्षरावर आणि एका स्त्रीच्या लेखणीवर टाकता येतो; ज्यांनी तलवार चालविली व ज्यांनी ती चालू दिली ते सगळे अंशतः मोकळे होतात. ‘झाले’ या क्रियापदाचे सामर्थ्य असे आहे की ‘ध’चा ‘मा’सुद्धा होतो, तो कोणी केला हे म्हणीत येत नाही.

क्षमेच्या शब्दांकडे वळले असता तेथेही अशीच चाळणी लावावी लागते. ‘क्षमा’ हा संस्कृत शब्द मुळात सहनशीलतेचा. पृथ्वीलाही तो नाव म्हणून लागतो. क्षमा करणाऱ्याने काही सोसलेले आहे, हे त्यात गृहीत आहे. ‘माफी’ अरबीतून आलेली आहे आणि तिच्या धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे. म्हणून कर्ज माफ होते, शेतसारा माफ होतो, माफीची जमीनही असते, पण कर्जाला क्षमा करता येत नाही. ‘दिलगिरी’ तर फारसी ‘दिलगीर’ म्हणजे खिन्न यावरून आलेली. तिच्यात दोषाचा स्वीकार मुळीच नाही. झाल्या प्रकाराबद्दल खिन्न होण्यास अपराधी असण्याची गरज नसते. संस्था आणि कचेऱ्या क्षमा न मागता दिलगिरी का व्यक्त करतात, याचे रहस्य या व्युत्पत्तीत सापडेल. ‘क्षमस्व’ या संस्कृत आज्ञार्थी क्रियापदाचा अलीकडे जो नामासारखा वापर होतो तो याच मालिकेतील : मागणारा ‘क्षमा कर’ म्हणत असतो आणि आपण काय मागितले हे त्यालाच ठाऊक नसते.

घरगुती मराठी याहून सूक्ष्म आहे. ‘अपराध पोटात घालणे’ आणि ‘अपराधावर पांघरूण घालणे’ या दोन वाक्प्रचारांत क्रियापद एकच, परंतु अंतर केवढे! पोटात घालणारा अपराध जाणतो, त्याचा जडपणा स्वतः घेतो, आणि त्यामुळे अपराध्याला त्याचा उपकार जाणवत राहतो. पांघरूण घालणारा अपराध दुसऱ्यांच्या नजरेआड करतो; त्याला स्वतःला काही पचवावे लागत नाही. पहिल्यात आईची प्रतिमा आहे, दुसरीत साथीदाराची. ‘मिटविणे’ या क्रियापदाचेही तसेच : भांडण मिटविणारा आदरणीय, प्रकरण मिटविणारा संशयास्पद. सप्टेंबर १९४८ नंतरच्या घटनांबाबत मराठी लेखनाने आजवर जे केले ते पोटात घालणे होते की पांघरूण घालणे, हा प्रश्न विचारण्यास आता पंचाहत्तरहून अधिक वर्षांचे अंतर पुरेसे आहे.

परदेशांतील एका प्रयोगाचा दाखला येथे उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिकेत वर्णविद्वेषी राजवट संपल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली जो सत्य व सलोखा आयोग नेमला गेला, त्याने १९९६ पासून उघड सुनावण्या घेतल्या. माफी मिळण्याची अट अशी की अर्जदाराने आपले कृत्य संपूर्णपणे, जाहीरपणे सांगितले पाहिजे. सात हजारांवर अर्ज आले आणि ८४९ जणांना माफी मिळाली. त्या माफीने पुष्कळ पीडितांचे समाधान झाले नाही, कारण अट सत्यकथनाची होती, पश्चात्तापाची नव्हती. तरीही एक गोष्ट तेथे साधली : माफीचा मार्ग ‘मी केले’ या वाक्यातून जात होता. ‘झाले’ म्हणून कोणाला माफी मिळण्याची सोय नव्हती. हैदराबादेत असा आयोग नेमणे १९४८ मध्ये कोणाला सुचले नाही, आणि ते सुचण्यासारखी परिस्थितीही नव्हती. देश फाळणीच्या जखमांनी घायाळ होता व काश्मीरची लढाई चालू होती. त्या राज्यकर्त्यांना आजच्या ज्ञानाने दोष देण्यात अर्थ नाही. पण एक अहवाल लिहविला गेला आणि तो ठेवून दिला गेला, हे कृत्य परिस्थितीचे नव्हे. ते कोणी तरी केलेले आहे.

मराठी व्यापारी हिशेबाच्या शेवटी एक सूत्र लिहिण्याची रीत आहे : चूकभूल द्यावी घ्यावी. समारंभाच्या भाषणांत हल्ली ते ‘मला माफ करा’ या अर्थी वापरतात, आणि तो उघड अपार्थ आहे. हे सूत्र हिशेबाच्या आधी येत नाही. सगळी कलमे मांडून, बेरीज करून, ताळा जुळल्यावर येते. ते रक्कम माफ करीत नाही. चूक निघाली तर जादा घेतलेले परत द्यावयाचे आणि कमी पडलेले घ्यावयाचे, असा तो दोन्हीकडून बांधणारा करार आहे. माफ होते ते एकच : चूक मुद्दाम केली हा आळ. देणे कायम राहते, दूषण जाते. ‘त्याच्या हातून झाले’ या दुसऱ्या पायरीवरच्या वाक्याचे आणि या सूत्राचे नाते जवळचे आहे. दोन्हींत माणूस नावानिशी उभा असतो, त्याच्याकडे बाकी निघालेली असते, आणि तरी त्याला उभे राहावयास जागा असते. अर्थात जे बुद्धिपुरस्सर केले गेले त्याला ही रचना लावणे म्हणजे चुकीचा ताळेबंद मांडणे होय. शेजाऱ्याच्या दुकानास रॉकेल ओतून आग लावणाऱ्याविषयी ‘त्याच्या हातून झाले’ म्हणावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार व्याकरणाला नाही. तो ज्याचे दुकान होते त्याचा आहे. तिऱ्हाईत ग्रंथकाराने ते वाक्य परस्पर लिहून टाकले, तर ती दुसऱ्याच्या खात्यातून केलेली उधळपट्टी ठरते.

यातून संशोधकांच्या कामाचा जो प्रश्न निघतो तो अगदी व्यवहारातला आहे. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. हदगाव, हिमायतनगर, उमरखेड या टापूत त्या काळाचे साक्षीदार आता फार थोडे उरले असणार, आणि बोलींच्या व मौखिक इतिहासाच्या अभ्यासासाठी जे विद्यार्थी ध्वनिमुद्रक घेऊन तिकडे जातील त्यांच्या प्रश्नाची घडण उत्तराची घडण ठरविणार आहे. ‘तेव्हा काय झाले?’ असे विचारले तर उत्तर ‘झाले’नेच येईल. ‘कोणी केले?’ असे विचारले तर ओसरीवरचे मौन मोडेल, आणि ज्यांची नावे निघतील त्यांचे नातू त्याच आळीत राहत असतील. ज्या नातवाने काही केले नाही त्याच्यावर आजोबांची बाकी काढणे हा नवा अन्याय होईल. नाव मुद्रणात ठेवावे की न ठेवावे, किती वर्षांनी खुले करावे, याचे नियम कामाला आरंभ होण्यापूर्वी ठरले पाहिजेत, आणि ते रझाकारांच्या आळीला व दुसऱ्या आळीला सारखेच लागू असले पाहिजेत.

लिप्यंतराविषयी तर तडजोड करून चालणारच नाही. बोलीतील मजकूर प्रमाण मराठीत उतरविताना ‘त्याइच्या हातानं झालं’ याचे ‘त्यांनी केले’ होणे, किंवा ‘त्यांनी जाळलं’ याचे ‘जाळले गेले’ होणे, हे संपादकाला किरकोळ संस्करण वाटते. परंतु सांगणाऱ्याने ज्या पायरीवर उभे राहून सांगितले ती पायरी त्याने निवडलेली असते. ओसरीवर कर्त्याचे नाव गाळले गेले असेल तर तेथे पद गाळलेले आहे अशी खूण लिप्यंतरात करावी, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ते ठाऊक होते हे टिपणात नोंदवावे. वाक्य मात्र जसे उच्चारले गेले तसेच ठेवावे.